कारणे दाखवा

दिवाळी अंकासाठी मजकूर मागवताना संपादकांनी यंदा एक ओळ जास्त लिहिली आहे : 'कृपया काही खुसखुशीत द्यावे.' त्यांचे म्हणणे मला पटते. वर्षभर या सदरातून मी फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा आणि अडलेली बढती यांविषयीच्या शंकांना उत्तरे देत असतो. फराळाच्या ताटाशेजारी ग्रॅच्युइटीचा हिशेब कोणाला रुचणार? म्हणून मी बोनसवाटपाच्या गमती लिहायला बसलो. आयुष्याची तीस वर्षे कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेल्यामुळे अशा गमतींना माझ्यापाशी तोटा नाही. बोनस घेऊन गेटवरूनच थेट सोनाराकडे जाणारे होते, आणि सोनाराला चुकवून मागच्या कुंपणातून पळणारेही होते.

दोन गमती लिहून झाल्या. तिसरी आठवू लागलो, तो डोळ्यांपुढे आला मिठाईचा एक पुडा. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर तीन दिवस पडून राहिलेला आणि चौथ्या दिवशी मुंग्या लागलेला. मग गमतींचे कागद बाजूला ठेवले. संपादकांनी आणि वाचकांनी क्षमा करावी.

साल १९९१. मी तेव्हा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्या काळी मुंबईकडून येणारी गाडी रोह्याला येऊन संपे. कोकण रेल्वे पुढे व्हायची होती. एका अंगाला कुंडलिका, भोवती भाताची खाचरे, आणि मधेच या वसाहतीच्या चिमण्या. सात, तीन आणि अकरा हे पाळ्यांचे भोंगे ऐकून गावातली माणसे घड्याळ लावीत. रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे, हे सांगितल्यावाचून रोहेकर नव्या माणसाला चहा पाजत नाही. पण चहा पिता पिता 'आमच्या मुलाचं धाटावात कुठे जमतं का बघा' हेही तो सांगतोच. नोकरी म्हणजे केवढी गोष्ट, हे त्या गावात राहिल्याशिवाय कळायचे नाही.

आमच्याकडे रिअॅक्टरवर एक ऑपरेटर होता. तळ्याकडचा, पस्तिशीचा, बारा वर्षांची नोकरी झालेला. अशा माणसाचा खात्याला जवळजवळ विसर पडलेला असतो, कारण त्याच्या फाइलीत काही नसते. ना गैरहजेरी, ना तक्रार, ना अर्ज. त्या वर्षी गणपतीनंतर मात्र फाइल एकाएकी जाड होऊ लागली. महिन्यात अकरा वेळा उशीर. दर अर्ध्या तासाला तापमान आणि दाब यांची नोंद करायची, तर लॉगशीटचे रकाने रिकामे. शिफ्ट इन्चार्जने विचारले तर उत्तर नाही. उलट उत्तर नाही, मुळी उत्तरच नाही. कँटीनमध्ये येणेही त्याने बंद केले होते. अशा वेळी कारखान्यात निदान फार लवकर होते. एक म्हणाला, प्यायला लागला. दुसरा म्हणाला, मटक्यात बुडला. तिसरा नुसता डोळे मिचकावून 'घरचं काहीतरी' म्हणाला.

मी निदान केले नाही, मेमो दिला. खोटे कशाला सांगू, मेमो लिहिण्यात माझा हातखंडा होता. मुंबईच्या हेड ऑफिसातले साहेबसुद्धा माझे मसुदे मागवून घेत. 'कामात हयगय, वारंवार उशीर व वरिष्ठांची अवज्ञा केल्याबद्दल आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याची कारणे ४८ तासांत लेखी दाखवावीत.' उत्तर ४८ तासांच्या आत आले. मुलाच्या वहीतला रेघांचा कागद होता तो. त्यावर तीनच वाक्ये : 'कारण शोधले. मिळाले नाही. चूक माझी आहे.'

इतका सोपा कबुलीजबाब मला कधी मिळाला नव्हता. मी तो फाइलीला टाचला. चार दिवस निलंबन आणि एक वेतनवाढ बंद, अशी शिक्षा झाली. त्या वेळच्या मानाने ती सौम्यच होती, आणि मीच मॅनेजरसाहेबांना सांगून ती सौम्य करवली, याचे मला समाधानही वाटले होते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बोनस वाटला. त्याने रांगेत उभे राहून सही केली, पाकीट घेतले आणि पुडा तिथेच ठेवून तो निघून गेला. मला वाटले, राग आहे. चार दिवसांनी पुडा शिपायाने उचलून बाहेर टाकला.

पाडव्याच्या संध्याकाळी त्याची बायको आमच्या घरी आली. कडेवर धाकटे मूल. माझ्याशी बोलायला ती धजली नाही, सरळ स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवतींकडे गेली. मी ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो, आणि वर्तमानपत्र धरलेल्या माणसाला ऐकू येत नाही असे बायका समजतात. ती सांगत होती, "वहिनी, गणपतीपासून झोप नाही त्यांना. रात्रभर अंधारात बसतात. जेवण पुढ्यात तसंच राहतं. पोराकडे बघत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मी कामाला नालायक झालो, तुम्हांला माझं ओझं झालंय. आणि आता रात्री उठून नदीच्या पुलावर जाऊन उभे राहतात. मी ह्याला कडेवर घेऊन मागनं जाते. हाक मारली की येतात परत. पण वहिनी, एखाद्या रात्री माझा डोळा लागला तर?"

ती गेल्यावर आमची ही बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, त्या बाईला नोकरी जाण्याची भीती नाही वाटत. तिला दुसरीच भीती आहे. तुम्ही उद्या काय ते करा."

दुसरा दिवस भाऊबीजेचा, ऑफिसला सुट्टी. तरी मी गेलो आणि कपाट उघडून ओव्हरटाइमचे रजिस्टर काढले. का काढले, हे आज नीट सांगता येत नाही. बहुधा 'गणपतीपासून' हा शब्द डोक्यात राहिला असावा. जूनमध्ये त्याचा बदली ऑपरेटर नोकरी सोडून गेला होता. ती जागा भरावी म्हणून प्लँटकडून आलेली मागणी मीच 'पुढील तिमाहीत विचार करू' असा शेरा मारून ठेवून दिली होती. तेव्हापासून चार महिन्यांत त्या माणसाने एकतीस डबल पाळ्या केल्या होत्या. डबल पाळी म्हणजे सलग सोळा तास, त्याही अर्ध्याअधिक रात्रीच्या. ओव्हरटाइम तीन महिन्यांत ५० तासांहून जास्त असू नये, असे कारखाने कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते. ऑगस्टमध्ये अशाच एका पाळीच्या चौदाव्या तासाला त्याच्या हाताखालचा मदतनीस वाफेने भाजला होता. चौकशीत दोष कोणाचाच निघाला नाही. फाइल बंद झाली. पण दोष आपला आहे असे एकाने मनाशी ठरवून टाकले होते, ते आम्हांला कळले नाही. प्रत्येक डबल पाळीपुढे 'मंजूर' म्हणून एक सही होती. ती माझी.

ज्या कारणाचा त्याला शोध लागला नाही, ते माझ्याच कपाटात होते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. मी डॉक्टर नाही. जादा काम केले म्हणजे माणसाला डिप्रेशन येतेच, असे डॉक्टरही म्हणत नाहीत. कोणाच्या घराण्यात तो आजार असतो, कोणाला जिवलगाच्या मृत्यूचा धक्का बसलेला असतो, कधी थायरॉइडसारखे शरीरातलेच कारण निघते. आणि बहुतेक वेळा अनेक गोष्टी एकत्र येतात. वाईट वाटणे वेगळे आणि हे नैराश्य वेगळे. दोन आठवडे उलटून गेले, रोज दिवसाचा बहुतेक वेळ मन काळवंडलेले, आवडत्या गोष्टीत रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, लक्ष लागत नाही, आणि 'सगळे माझ्यामुळेच' हा विचार पाठ सोडत नाही, असे झाले की तो आजार समजावा आणि डॉक्टर गाठावा. औषधांनी आणि बोलून घेण्याने माणसे बरी होतात. पण ऑफिसात हा आजार आजाराच्या वेषात येत नाही. तो उशीर म्हणून येतो, हयगय म्हणून येतो, अवज्ञा म्हणून येतो. ताप आलेल्या माणसाला आपण मेमो देत नाही. यात नेमक्या लक्षणांनाच मेमो मिळतो.

मॅनेजरसाहेबांना मी सर्व सांगितले. माणूस दुष्ट नव्हता. ते म्हणाले, "त्याला मन घट्ट करायला सांगा. गीता वाचायला द्या." त्यांनी खरोखरच स्वतःजवळची प्रत दिली. आता गीतेच्या बाबतीत आमच्या भागाला कमी लेखण्याचे कारण नाही. विनोबा पेणजवळच्या गागोद्याचे, आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म तर १९२० साली रोह्यातच झाला. तेव्हा मी ती प्रत त्या ऑपरेटरला देण्याआधी स्वतः उघडली. अर्जुन हातपाय गाळून रथात बसतो, तेव्हा श्रीकृष्ण आरंभी त्याला आपल्या मॅनेजरसाहेबांसारखेच बोलतात : हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ. हे बोलणे दोन श्लोकांत आटोपते, आणि त्याचा काही उपयोग होत नाही! अर्जुन 'लढणार नाही' म्हणून गप्प बसतो. मग उरलेले सतरा अध्याय श्रीकृष्ण त्याच्याशी बोलत राहतात, त्याच्या शंका ऐकत राहतात. आम्ही साहेब लोक त्या दोन श्लोकांशीच थांबतो. हे मी साहेबांना बोलून दाखवले नाही. बोलायला हवे होते.

योगायोग असा की त्याच १९९१ साली, ऑगस्ट महिन्यात, तिकडे जपानात डेन्त्सू नावाच्या बड्या जाहिरात कंपनीतल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने आत्महत्या केली. वर्ष-दीड वर्षाची नोकरी. पण काम इतके की कित्येक रात्री तो घरी जाऊ शकत नसे. आई-वडील कोर्टात गेले. निकालास कित्येक वर्षे लागली. मार्च २००० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामामुळे साचणारा थकवा आणि मनावरचा भार नोकराच्या प्रकृतीला अपाय करण्याइतका वाढू न देणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. त्या खटल्यात एक तपशील आहे, तो वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. मुलाची प्रकृती बिघडली आहे हे वरिष्ठांना दिसत होते. त्यांनी त्याला सल्लाही दिला : घरी जा, नीट झोप, आणि काम राहिले असेल तर सकाळी लवकर येऊन कर. काम कमी करणे तेवढे कोणाच्या मनात आले नाही. पुढे जपानने २०१५ च्या डिसेंबरपासून पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक मालकाला, वर्षातून एकदा नोकरांच्या मनावरील ताण तपासण्याची सोय करणे बंधनकारक केले. त्याचा निकाल नोकराच्या संमतीशिवाय मालकाला कळवायचा नाही, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली अट.

इंग्लंडात १९९४ साली असाच एक निकाल लागला. नॉर्थम्बरलंड परगण्याच्या समाजकल्याण खात्यातला एक अधिकारी. लहान मुलांच्या छळाची प्रकरणे हाताळता हाताळता १९८६ मध्ये तो खचला. बरा होऊन परतताना त्याला मदतनीस देण्याचे कबूल केले, आणि तो थोड्याच दिवसांत काढून घेतला. सहा महिन्यांत तो पुन्हा खचला, आणि मग प्रकृतीच्या कारणाने त्याला नोकरीतून काढले. न्यायाधीशांनी पहिल्या आजाराबद्दल मालकाला दोष दिला नाही. तो होईल हे आधी दिसण्यासारखे नव्हते, म्हणाले. दुसऱ्याबद्दल दिला. मला हा निवाडा फार समंजस वाटतो. मालक काही अंतर्ज्ञानी नसतो. पण एकदा कळल्यावर त्याला न कळल्याचे सोंग घेता येत नाही.

आपल्याकडेही आता हे कोर्टात बोलले गेले आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याला मानसिक आजार होता, आणि त्या काळातल्या वागणुकीबद्दल त्याच्यावर खात्याने कारवाई सुरू केली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या आधारे त्याच्या बाजूने निर्णय दिला. आजार हेच गैरवर्तनाचे एकमेव कारण असले पाहिजे असे नाही. तो त्यामागच्या कारणांपैकी एक असला तरी, अशा माणसाला इतरांसारखीच शिस्तीची काठी लावणे हा भेदभाव ठरतो, असा त्याचा मथितार्थ. त्याला हत्यार हाताळावे लागणार नाही असे दुसरे काम देता येईल, पण पगार आणि दर्जा राखून, असेही सांगितले. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये किंवा खाली उतरवू नये, हे त्या कायद्यातले कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे, खाजगी कारखान्याला ते जसेच्या तसे लागू नाही, हे खरे. तरी मी तो निकाल वाचला तेव्हा मला माझा रेघांचा कागद आठवला. 'कारण शोधले. मिळाले नाही.' ज्याचे डोकेच आजारी आहे त्याच्याकडे आम्ही त्या डोक्याचा अहवाल मागत होतो!

तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-मुली आज पुण्या-मुंबईच्या काचेच्या ऑफिसांत आहेत. २०२४ च्या जुलैत पुण्यात हिशेब-तपासणीच्या एका आंतरराष्ट्रीय कंपनीत लागलेली सव्वीस वर्षांची मुलगी चार महिन्यांत वारली, आणि कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले, हे सर्वांनी वाचले असेल. कंपनीने ते कारण मानले नाही. मी त्यावर बोलणार नाही. पण ते पत्र घरोघर वाचले गेले, ते काही उगीच नाही. माझा भाचा हिंजवडीत आहे. त्याच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारी योगासने असतात, मन शांत ठेवण्यावर व्याख्याने असतात, मोबाइलवर श्वास मोजणारे काहीतरी दिलेले आहे. "मामा, त्या दिवशी व्याख्यानामुळे जे काम राहतं ते रात्री करावं लागतं," तो म्हणाला.

रासायनिक कारखान्यात काम केलेल्या माणसाला यात काय चुकते ते चटकन कळेल. वायू गळत असेल तर आधी व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा. तोंडाला मास्क हा शेवटचा उपाय. १९८४ च्या भोपाळनंतर आमच्या वसाहतीत भोंग्यांच्या कवायती सुरू झाल्या, थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंदवही आली. पाइपातून चार थेंब सांडले तरी त्या वहीत लिहायचे. एकतीस डबल पाळ्या कोणी तिच्यात लिहिल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या जागी मन सांभाळण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. डिप्रेशन आणि चिंतारोग यांपायी जगात वर्षाला १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असा अंदाज त्यांनी दिला. त्या सूचनांतही व्याख्यानांवर थांबलेले नाहीत. कामाचा बोजा आणि वेळा बदला, वरच्या साहेबांना शिकवा, आजारातून परतणाऱ्याची नीट सोय लावा, असेच सांगितले आहे.

आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात एक कलम होते, छत्तिसावे. विषारी वाफ असण्याचा संभव असलेल्या टाकीत माणूस उतरवायचा, तर त्याच्या कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, आणि दोराचे दुसरे टोक टाकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे. आमच्याकडे हे काटेकोर पाळले जाई. टाकीच्या तोंडाशी दोर धरून बसलेला माणूस तंबाखू मळायलासुद्धा हात सोडत नसे. त्याच कारखान्यात एक माणूस चार महिने आत होता, आणि दोर धरून मागून जात होती ती फक्त बायको.

तर पुढे काय झाले ते सांगतो. कंपनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, मी स्वतः त्याला घेऊन मुंबईला रुग्णालयात गेलो. चार महिने उपचार झाले आणि तो बरा झाला. मॅनेजर त्याला रिअॅक्टरवर घ्यायला तयार नव्हते. त्यात त्यांचे सगळेच चुकीचे होते असे मला आजही म्हणवत नाही. गोळ्यांनी गुंगी येते, आणि रात्रीच्या पाळीत एक व्हॉल्व्ह चुकला तर साऱ्या धाटावचा प्रश्न. इतर कामगारांची जबाबदारीही मालकाचीच असते. म्हणून त्याला स्टोअर्समध्ये दिवसपाळी दिली. इथपर्यंत ठीक. पण त्याबरोबर पाळीभत्ता गेला. त्याचा रजेचा अर्ज, त्यावर रुग्णालयाचे आणि विभागाचे नाव, पाच टेबलांवरून फिरत माझ्याकडे आला होता. महिन्याभरात कँटीनमध्ये त्याला एक टोपणनाव पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. १९९१ साली तसा कायदा नव्हता. पण लिफाफे होते.

दोन वर्षे त्याने ते सोसले आणि राजीनामा दिला. हिशेब मीच केला. वाचकांना मी या सदरात नेहमी सांगतो, की बंद झालेली एक वेतनवाढ म्हणजे नुसते महिन्याचे पस्तीस रुपये नव्हेत. तिने मूळ पगार कमी राहतो, त्यावरचा फंड कमी होतो, शेवटी ग्रॅच्युइटीही कमी येते. ती वाढ परत द्यावी अशी एक टिप्पणी लिहायला मला दहा मिनिटे लागली असती. आजारपणातल्या चुकीची शिक्षा म्हणून ती कदाचित मंजूरही झाली असती. मी लिहिली नाही. साहेबांपुढे पुन्हा तो विषय नको वाटला.

या आठवड्यात तशी पत्रे असोत वा नसोत, सदराच्या रिवाजाप्रमाणे काही व्यवहाराचे सांगून टाकतो. घरात कोणाची अशी अवस्था असेल तर त्या भरात राजीनामा देऊ देऊ नका, आणि मेमोला 'चूक माझी' असे उत्तर लिहू देऊ नका. डॉक्टरांचा दाखला जोडून वैद्यकीय रजा मागा. कंपनीचा आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच पायावर विमा देण्याची तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे, ती दाखवा. राज्य कामगार विमा असेल तर दीर्घ आजारांच्या यादीत काही मानसिक आजारही आहेत, तिथे चौकशी करा. जिवाची भीती वाटत असेल तर कागदपत्रे राहू द्या. माणसाला एकटे सोडू नका, रुग्णालय गाठा. सरकारची 'टेलि-मानस' ही फुकट दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, रात्रीबेरात्रीही. आणि आपणही कोणाचे तरी मालक असतो, हे भांडी घासायला येणाऱ्या बाई चार दिवस उशिरा आल्या म्हणजे आठवावे. तिला आपण मेमो देत नाही, पण तोंडाने जे देतो ते मेमोपेक्षा कमी नसते.

यंदा दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीसाठी आम्ही दोघे रोह्याला गेलो होतो. पोलिसांची सलामी झाली, पालखी निघाली आणि गर्दीत तो भेटला. केस पांढरे, अंगावर पिठाची फक्की. नोकरी सोडल्यावर त्याने गावी पिठाची गिरणी घातली. आता ती मुलगा चालवतो, तोच, कडेवरचा. मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, की तुझी गोष्ट लिहू का. तो जरा वेळ पालखीकडे पाहत राहिला.

"लिहा साहेब. नाव घालू नका. पण ते ओव्हरटाइमचं रजिस्टर होतं ना, त्याचं लिहा."

वेतनवाढीचे मी त्याला सांगितले. तो हसला, म्हणाला, "मला माहीत होतं. मी रोज वाट बघत होतो."

निघताना त्याच्या बायकोने आमच्या हिच्या हातात चकलीच्या भाजणीचा डबा दिला, गिरणीतली ताजी, अजून कोमट. आमची ही डबा रिकामा परत करीत नाही. तेव्हा दिवाळी झाली की पुन्हा रोह्याला जाणे आहे.